कापलेली धाव

त्या रविवारी बाबा मैदानावरून घरी आले ते चष्मेवाल्यांना सोबत घेऊनच. मॅच संपली की अंपायरने स्कोअररच्या घरी चहा प्यायचा, हा दोघांचा जुना शिरस्ता. बाबांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलं होतं. निवृत्त झाले तरी छापखान्याच्या संघाचा स्कोअर लिहायला तेच बसत. आणि चष्म्याचं दुकान असलेला माणूस अंपायर, यावरचे विनोद आता विनोद करणाऱ्यांनाच शिळे झाले होते.

"एका धावेने जिंकलो," बाबा चपला काढताना म्हणाले. "डेपोवाल्यांनी घाम फोडला."

"तुम्ही कुठे खेळलात? सावलीत तर बसून होतात," आई आतून म्हणाली.

"सावलीतल्यालाच जास्त घाम येतो, वहिनी," चष्मेवाले म्हणाले. "शिव्या माझ्या वाट्याला, पण हिशेब याच्या डोक्यावर. डेपोवाले तर स्वतःचा स्कोअरर आणतच नाहीत. म्हणतात, काका आहेत ना."

मुलीने हातातलं पुस्तक पालथं ठेवलं आणि कप आणले. चष्मेवाल्यांनी चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि रिकाम्या हाताची बोटं खांद्याला टेकवली.

बाबांचा कप ओठांशीच थांबला.

"हे काय केलंस?"

"खांदा रे. आखडलाय कधीचा."

"मैदानावरही असंच करत होतास?"

"तो काय मैदान बघून दुखायचा थांबतो?"

"डेपोचा उंच मेकॅनिक दोन पळाला, तेव्हा?"

चष्मेवाले आठवू लागले. बाबा तोवर उभे राहिले होते. फलंदाज रेषेला बॅट न टेकवताच मागे वळला की अंपायर बोटं खांद्याला लावतो आणि स्कोअरर एक धाव कापतो. बाबांनी ती खूण पाहिली होती, रीतीप्रमाणे हात वर करून पोच दिली होती आणि दोनाच्या जागी एक लिहिली होती.

"तू हात वर केलास तो त्यासाठी?" चष्मेवाले म्हणाले. "मला वाटलं, खांदा कसाय विचारतोयस. मी मान हलवली."

आईला हसू आवरेना. "भावजींचा खांदा, यांचा हात, आणि मधल्यामध्ये त्या बिचाऱ्याची धाव गेली. चुकलं हो तुमचं."

"चुकलंच," बाबा म्हणाले. ते हसले नाहीत. "शंका आली होती. ओव्हर संपल्यावर विचारायचं असतं, मी विचारलं नाही. बरोबरीत सुटलेली मॅच मी आपल्याला जिंकून दिली."

"आता सह्या झाल्या," चष्मेवाले म्हणाले. "नियमाने निकाल बदलत नाही."

"नसेल बदलत. सांगायला कोण अडवतंय? पुढच्या रविवारी कप देतील, त्याच्या आत दोघा कॅप्टनना सांगतो. उद्याच जातो."

"एवढं काय त्यात, बाबा," मुलगी म्हणाली. "चहा गार होतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठलेच नाहीत. झोपेतच गेले.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. छापखान्यातला, डेपोतला, जो तो एकच सांगायचा: काकांची पेन्सिल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मुलगी मान हलवायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची.

चष्मेवाले येऊन कोपऱ्यात बसत. एकदा निघताना दारात थांबले. "कुणाला बोलू नकोस. गेलेल्या माणसाची चूक काढून कुणाचं भलं होणारे?"

आईचं मत वेगळं होतं. "ते जाणार होते सांगायला. आता त्यांच्या जागी कोण जाणार, ते तू बघ."

बघायचं काय, हे दोघींनाही ठाऊक होतं. घरात बाबांना 'चुकलं' म्हणायचा मक्ता आईचा. मुलीच्या तोंडून तो शब्द कधी निघाला नव्हता. एखाद्या लेखकाचं गाव बाबांनी भलतंच सांगितलं, तर ती ते पुस्तक त्या पानावर उघडून त्यांच्या खुर्चीपाशी ठेवून द्यायची. बाबा वाचायचे, पुस्तक मिटून परत द्यायचे. बोलणं व्हायचं नाही. तिला वाटायचं, याहून मोठा आदर तो कुठला.

रविवारी छापखान्याच्या कँटीनमध्ये बाकं मांडली होती. छापखान्याचा कॅप्टन कागद कापायच्या मशीनवर काम करायचा. चार वाक्यांत त्याचा आवाज भरून आला. "काकांनी कधी चूक केली नाही. हा शेवटचा विजय त्यांचाच." आणि त्याने कप उचलून तिच्या हातात दिला.

"हा आपला नाही," ती म्हणाली. "निदान सगळा नाही. मॅच बरोबरीत सुटली होती."

मग तिने सगळं सांगितलं: खांदा, बाबांचा वर झालेला हात, कापलेली धाव.

डेपोचा उंच मेकॅनिक, तोच त्यांचा कॅप्टन, सावकाश उभा राहिला. "मला वाटलंच होतं मी दोन पळालो म्हणून. पण काकांनी एक लिहिलीय म्हटल्यावर मी माझ्याच पायांवर विश्वास ठेवला नाही."

"बरोबरी तर बरोबरी," छापखान्याचा कॅप्टन म्हणाला. "कप सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने आमच्याकडे. मंजूर?"

"मंजूर."

"पण एक सांगून ठेवतो," छापखान्याचा कॅप्टन पुढे म्हणाला. "यात काकांचा काडीचा दोष नाही. खूण अंपायरची होती."

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "आता खांद्यालाही चष्मा लावा," मागून कुणीतरी म्हणालं. "फ्रेम मोठी घ्या." हशा पिकला. आठवडाभर साचलेलं दुःख हसण्यातून वाट शोधतच होतं.

चष्मेवाले उठले. दुखरा हात दुसऱ्या हाताने धरून म्हणाले, "खरंय. चूक माझीच. तशीच नोंद करा." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, एखादं ओझं आपल्या खांद्यावर घेतल्यावर माणूस पाहतो तसं. मित्रासाठी एवढं ते आनंदाने करणार होते, आणि दर रविवारी, मरेपर्यंत, हा विनोद ऐकून घेणार होते.

सगळं मिटलं होतं. तिने नुसतं खाली बसायचं होतं. पुढच्या बाकावर आई हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत होती.

तिने कप टेबलावर ठेवला.

"बसा काका," ती म्हणाली. "खांदा दुखणं ही काही चूक नव्हे. शंका आली तर विचारायचं असतं, आणि ते काम स्कोअररचं." आवाज कापला. तिने तो सावरायचा प्रयत्न केला नाही. "शंका आली होती. विचारलं नाही. माझ्या बाबांचं चुकलं."