पांढऱ्या लोकरीचं पिल्लू

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी बोलायला लागले की मीठमसाला घालते असं घरातले सगळे म्हणतात. म्हणू देत. ही गोष्ट मात्र घडली तशीच सांगणार आहे, वर चिमूटभर काही टाकणार नाही. ज्याला पटणार नाही त्याने मध्येच उठून जावं, मी कुणाला पदर धरून बसवत नाही.

माझे धाकटे दीर कुत्र्यांची पिल्लं विकायचे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तरी मी त्यांना भाऊजीच म्हणायचे. घरामागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. एकीत पोती, डबे, वजनकाटा. दुसरीत बाळंतपणाची पेटी. पेटी लाकडाची, गुडघाभर उंच, आत वर्तमानपत्रं आणि जुनी चादर, वर ऊब यावी म्हणून टांगलेला दिवा. त्या पेटीची मालकीण एकच, लांब कानांची तांबूस कुत्री. तिला आम्ही बाईसाहेब म्हणायचो, कारण ती अंगणातून चालायची ती तपासणीला आल्यासारखी. भाऊजींना बायको नाही, पोर नाही. जे काय होतं ते बाईसाहेब. तिने एक वेळ तोंड फिरवलं तर हा माणूस स्वतः जेवायचा नाही.

आणि पिल्लं द्यायची त्यांची तऱ्हा न्यारी. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचीच उलटतपासणी. दुपारी घरात कोण असतं, फाटकाला कडी आहे का, आधी कुत्रं पाळलं होतं तर त्याचं काय झालं. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, पिल्लू विकताय की मुलगी देताय?"

ते म्हणाले, "वहिनी, मुलगी निदान पत्र तरी पाठवते."

निघताना प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्यायचे, तिच्यावर आमच्या घरचा फोन नंबर. नको झालं तर रस्त्यावर सोडू नका, मला कळवा, मी येऊन घेऊन जाईन, असं बजावायचे. आणि खरंच जायचे. दोनदा तर मी पाहिलंय, दिवसभराचा प्रवास करून पिल्लू कुशीत घेऊन परत आलेले.

तर बाईसाहेबाला तिसऱ्या खेपेला सात पिल्लं झाली. सगळी एकसारखी, म्हणून ओळखायला मी प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर बांधली. विणून उरलेली गुंडाळी कुठेतरी कामाला यायलाच हवी. शेवटचं पिल्लू पांढऱ्या लोकरीचं, मादी. तिला पांढरी म्हणायला लागलो. पाचव्या आठवड्यात तिच्या डाव्या डोळ्यावर साय धरल्यासारखी दिसली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या, बॅटरीचा उजेड पाडून बघितलं, आणि सरळच सांगितलं. हे आईच्या रक्तातून आलंय. डावा डोळा गेलेला आहे, उजवा दोनेक महिन्यांत जाईल. बाकीच्या सहांचे कदाचित पुढे जातील, कदाचित नाही, पण घेणाऱ्यांना आधी सांगा. आणि बाईसाहेबाला यापुढे पिल्लं होऊ देऊ नका.

भाऊजींनी मान डोलावली. डॉक्टरीणबाई फाटकाबाहेर गेल्या आणि डोलावलेली मान तिथेच राहिली. सहा पिल्लं सहा घरी गेली. प्रश्न सगळे विचारून झाले, फक्त सांगायचं ते सांगायचं राहिलं. त्यांच्या पिल्लांचं नाव होतं ना. बाईसाहेबाच्या रक्ताला नावं ठेवलेली त्यांना सोसणार नव्हती.

पांढरीसाठी एक माणूस आला तो ढगाळ दुपारी. बोटं काळी, नखांत शाई. कामाच्या जागेवर राखण करायला कुत्रं हवं म्हणाला. भाऊजींनी त्याला एक प्रश्न विचारला नाही. खोलीतला दिवाही लावला नाही. पिल्लू असं उचललं की डावा डोळा त्यांच्या सदऱ्यावर दाबलेला राहावा. चिठ्ठी लिहून दिली आणि दारापर्यंत पोचवायला गेले. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. सगळं बघत होते. तोंडातून ब्र काढला नाही.

महिनाभराने पेटीत वस्तू यायला लागल्या.

पहिल्यांदा एक मोजा, तान्ह्या बाळाचा, वर बदकाचं चित्र. आमच्या घरात तेव्हा तान्हं बाळ नव्हतं. भाऊजींना वाटलं, वाऱ्याने आला असेल कुणाच्या दोरीवरून. मग चष्म्याची एक काडी. मग बुद्धिबळातला घोडा. फाटक बंद, भिंत डोक्याएवढी उंच, बाईसाहेब अंगणाबाहेर पाऊल टाकत नाही. आमचे हे म्हणाले, तूच ठेवत असशील, तुझ्या अंगात खोड्या कमी आहेत का. मला राग आला, कारण एरवी त्यांचं खरं असतं.

त्याच आठवड्यात निळ्या लोकरीवाल्या पिल्लाच्या घरून फोन आला. कौतुकानेच सांगत होत्या त्या बाई, की चोर आहे हो तुमचं पिल्लू, बाळाचा बदकाचा मोजा पळवला आणि घरभर शोधला तरी सापडत नाही. भाऊजींनी फोन ठेवला तेव्हा मोजा त्यांच्या खिशात होता. मग त्यांनी स्वतःच बाकीच्या घरी फोन फिरवले. चष्म्याची काडी हिरव्याच्या घरच्या आजोबांची निघाली. घोडा लालच्या घरचा.

मग भाऊजी हसायचे थांबले.

त्यानंतर दुसरं काही येईनाच. रोज फक्त कागदाचं कात्रण. बोटभर रुंद, हातभर लांब, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ, एक टोक लाळेने ओलं. बाईसाहेब ते पेटीच्या एका कोपऱ्यात नीट एकावर एक ठेवायची. एका कात्रणाला लाल डाग होता. भाऊजी म्हणाले शाई आहे. मी वास घेतला, शाईचा नव्हता.

आणि बाईसाहेब वाळायला लागली. थाळी चाटूनपुसून साफ करायची. भात, मांसाचे तुकडे, गाजर, सगळं माझ्याच हातचं. तरी फासळ्या मोजता येतील अशी झाली. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, जीभ पाहिली, रक्त तपासलं. रोग काही नाही. शेवटी हात धुता धुता म्हणाल्या, पिल्लांना भरवताना कुत्री पोटातलं काढून देते ना, ही तसं करतेय, कुणाला भरवतेय? भाऊजी म्हणाले घरात पिल्लू नाही. त्या म्हणाल्या, ते मलाही दिसतंय, पण असंच चाललं तर ही दोन आठवडे काढणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाळत ठेवली. दुपारचे तीन. सगळीकडे सामसूम, आमचे हे घोरत पडलेले. दाराच्या फटीतून बघत होते. बाईसाहेब जेवून पेटीत शिरली, तीन गिरक्या घेतल्या आणि कोपऱ्यात तोंड घातलं. तिथे भिंत आहे, बरं का. विटांची, माझ्यासमोर गिलावा केलेली. तिचं नाक गेलं, डोळे गेले, कान गेले, मान खांद्यापर्यंत गेली. शेपूट हळूहळू हलत होती. आणि खोलीत वास आला, शाईचा आणि रॉकेलचा, आणि लांबून कसला तरी आवाज, खट्, थांबून पुन्हा खट्. मग तोही बंद पडला. तिने मान बाहेर काढली तेव्हा तोंडात कात्रण होतं.

 मी तशीच धावत जाऊन भाऊजींना सांगितलं. एरवी म्हणाले असते वहिनी, झोपा जरा. त्या दिवशी म्हणाले नाहीत. त्यांनी नुसतं एवढंच विचारलं, "शाईचा वास?" आणि कात्रणांचा गठ्ठा घेऊन उजेडात बसले.

कात्रणांवर छापलेलं होतं. अर्धीमुर्धी अक्षरं, कुठे "जेवणानंतर एक चमचा", कुठे बाटलीचं अर्धं चित्र. खोकल्याच्या औषधाचं लेबल. लेबलाच्या अगदी तळाला छापखान्याचं नाव असतं, मुंगीएवढं, पण कात्रणात ते निम्मंच होतं. आम्ही दोघं औषधांच्या दुकानांतून हिंडलो. तिसऱ्या दुकानात ती बाटली मिळाली. भाऊजींनी ती डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं आणि खोकला नसताना बाटली विकत घेतली.

छापखाना एका अरुंद गल्लीच्या टोकाला होता. आत कागदाच्या थप्प्या छतापर्यंत, जमिनीवर घोट्यापर्यंत कात्रणं, आणि मधोमध कागद कापायचं यंत्र. त्याचं पातं खाली यायचं, खट्, थांबून पुन्हा खट्. यंत्रामागे तोच माणूस, काळ्या बोटांचा. थोड्या अंतरावर, गठ्ठे बांधायच्या पट्टीने खांबाला बांधलेली पांढरी. गळ्यातली लोकर काळी झाली होती. दोन्ही डोळे दुधाळ. नाकावर जखम, वर खपली.

मला वाटलं हा माणूस आता अंगावर येणार. तो आला नाही. थकल्यासारखा म्हणाला, "आलात एकदाचे. वीसदा फोन केला असेल मी तुम्हाला. दर वेळी एक म्हातारी उचलते. आता तर ती मला विचारते, जेवलास का म्हणून."

भिंतीवर भाऊजींची चिठ्ठी चिकटवलेली होती. सुरेख अक्षर त्यांचं. मी नंबर वाचला. शेवटी एक हवा तिथे सात होता. मी भाऊजींकडे पाहिलं. ते यंत्राकडे बघत होते.

त्या माणसाने मग सगळं सांगितलं. पिल्लाला दिसत नाही, जाईल तिथे धडकतं. यंत्राच्या कडेवर आपटून नाक फोडून घेतलं, पात्याखाली जाऊ नये म्हणून बांधून ठेवतो. सोडून द्यायला मन धजत नाही, घरी न्यायला जागा नाही. खायला घालतो त्याला तोंड लावत नाही. "आणि तरी बघा," तो म्हणाला, "अंग कसं धरलंय." खरंच, पांढरी चांगली गुबगुबीत होती. तीनला यंत्र बंद करतो तेव्हा थोडा वेळ मोकळी सोडतो, म्हणाला. तर ती एक कात्रण उचलते, त्या थप्प्यांच्या मागे जाते, आणि येते ती तोंड चाटत. मागे वाट नाही, भिंत आहे. एकदा तिथे हे पडलेलं सापडलं.

त्याने कागदाच्या पुडीतून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. गाजराचा सुकलेला तुकडा. मी गाजर तिरकं कापते, आणि मधला पिवळा भाग काढून टाकते. असं दुसरं कुणी कापत नाही, सासूबाईंनी त्यावरून मला किती ऐकवलंय.

तेवढ्यात तीन वाजले. त्याने यंत्र बंद केलं, पट्टी सोडली. पांढरीने कात्रण उचललं आणि न अडखळता थप्प्यांमागे गेली. भाऊजी गुडघ्यांवर रांगत तिच्या मागे गेले, मी त्यांच्या मागे. ती भिंतीशी नाक लावून उभी होती. भाऊजींनी भिंतीवर हात ठेवला आणि चटकन काढला. मग मी ठेवला. भिंत कोमट होती. कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर तळहाताएवढी जागा ओली होती, आणि त्या ओलीतून श्वास येत होता, आत, बाहेर, आत, बाहेर.

भाऊजींनी पांढरीला उचलून छातीशी धरलं. डोळे कुणाला दिसतील याची फिकीर न करता. त्या माणसाला सांगितलं की मला हे ठाऊक होतं, नंबरही मीच चुकीचा दिला.  तो म्हणाला, म्हातारीला तरी एकदा फोन करा, ती काळजी करते.

घरी बाईसाहेब पेटीत पडून होती, मान कोपऱ्याकडे. उठायची ताकद नव्हती. भाऊजींनी पांढरीला तिच्या पोटाशी ठेवलं. तिने हुंगलं, नाकावरची खपली चाटली, मग एक डोळा, मग दुसरा. चाटून झालं आणि तिने मान वर करून भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी वर्तमानपत्रांवर खाली बसले आणि म्हणाले, "चुकलं माझं, बाईसाहेब."

तेव्हा कुठे तिने मान खाली ठेवली.

नंतरच्या आठवड्यात ते सहाही घरी स्वतः गेले, आणि आधी सांगायला हवं होतं ते सांगितलं. एकाने तोंडावर दार आपटलं. एकाने पिल्लू परत दिलं, ते आम्ही ठेवलं. बाकीचे डोळे तपासून घ्यायला तयार झाले. बाईसाहेबाला पुन्हा पिल्लं होऊ दिली नाहीत. ती पुढे चांगली जाडजूड झाली आणि नऊ वर्षं तपासणीला आल्यासारखी अंगणात फिरली, मागून तिच्या शेपटीला नाक लावून पांढरी. पेटीतला कोपरा मी रोज चाचपून बघायचे. गार असायचा.

आता शपथ घेतलीच आहे तर एक कबूल करते. भिंत खरी, गाजर खरं, मोजा खरा. पेटीपाशी भाऊजी "चुकलं माझं" म्हणाले, तेवढं मी घातलं. ते काहीच म्हणाले नाहीत. छापखान्यात बोलले, परक्या माणसासमोर बोलले, पण तिच्यासमोर तोंड उघडायचे आणि मिटायचे. आणि ती बघत राहिली. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडेच जास्त वेळ. शेवटी मला राहवेना. ते वाक्य मी म्हणाले.