लारेदो मास्तरांचा पियानो

“बाई, खोली तापवायच्या या गॅसच्या शेगडीची ज्योत पिवळी जळतेय. निळी हवी. आजच कुणाला तरी बोलवा,” माझे सूर लावायला आलेले हॉब्ज प्रमोदिनीला म्हणाले. मास्तर तेव्हा स्वयंपाकघरात कॉफी करत होते.

“हो, हो, सांगते,” ती म्हणाली. कडेवरचं बाळ तापानं किरकिरत होतं. ती तशीच वर गेली आणि सांगायचं राहून गेलं.

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. ही गोष्ट इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची, १९८६ च्या थंडीतली. तळमजल्यावर माझे मालक, स्पॅनिश संगीतकार लारेदो मास्तर, एकटेच राहत. वर डॉक्टर गिरीश आणि त्याची बायको प्रमोदिनी. ‘मास्तर’ हे तिनंच ठेवलेलं नाव.

तरुणपणी मास्तरांनी माद्रिदमध्ये नऊ सारसुएला लिहिल्या. सारसुएला म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखा प्रकार, थोडं बोलणं, थोडं गाणं. त्यांच्या नाटकांत परटिणी भांडायच्या आणि भांडता भांडता गायच्या. मग यादवी युद्ध आलं. मास्तर बोटीनं इथे आले ते परत गेलेच नाहीत. मला त्यांनी एका बंद पडलेल्या चर्चमधून आणलं. चाळीस वर्षं माझ्यावर मुलांना शिकवलं आणि उरलेल्या वेळात दहावी सारसुएला लिहिली. तिचा शेवटचा अंक तेवढा बाकी होता.

भिंतीतल्या झरोक्यातून समुद्राची दमट हवा यायची. माझ्या आतला लोकरीचा नमदा फुगायचा, पट्ट्या अडकायच्या. म्हणून मास्तरांनी त्या झरोक्यात जुने कागद गच्च कोंबले. माझ्यासाठी!

तेव्हापासून त्यांचं डोकं दुखू लागलं.

“तुझ्याकडे वर येऊन चहा घेतला की उतरतं बघ,” ते एकदा प्रमोदिनीला म्हणाले.

“आलं असतं त्यात, मास्तर! यांच्या गोळ्यांना जमत नाही ते माझं आलं करतं.”

“मग डॉक्टरला काढून टाक, आलं ठेव.”

ती किती हसली! आपल्या चहाचा तिला अभिमान वाटला. त्यात तिचं काय चुकलं, हे मी आजही स्वतःला विचारतो.

जानेवारीत बर्फ पडला. वर जायचा लोखंडी जिना बाहेरून होता.

“तुम्ही वर येऊ नका हं मास्तर, पडाल,” ती म्हणाली. “मीच चहा खाली आणत जाईन.”

ती रोज थर्मास द्यायची आणि ऊब जाऊ नये म्हणून दार चटकन ओढून घ्यायची. चार दिवस मास्तर घराबाहेर पडले नाहीत. वाजवताना त्यांची बोटं घसरू लागली.

“आज चाल वेगळीच लागतेय,” ती दारातूनच म्हणाली.

“शेवटचा अंक,” मास्तर म्हणाले. चुकलेले सूर म्हणजे नवी चाल, असं त्यांना स्वतःलाही वाटत असावं.

पाचव्या सकाळी ती आली तेव्हा मास्तरांचं कपाळ माझ्या पट्ट्यांवर टेकलेलं होतं. तिच्या हाकेनं गिरीश धावत आला. त्यानं आधी खिडकी उघडली, मग मास्तरांची नाडी पाहिली. ती केव्हाच थांबली होती. आणि मग तो पिवळ्या ज्योतीकडे आणि कोंबलेल्या झरोक्याकडे बघत उभा राहिला. वर चहा घेतला की त्यांचं डोकं उतरायचं, असं प्रमोदिनी सांगू लागली.

“गॅस नीट जळत नाही, त्याचा विषारी वायू साठलाय इथे. वर आले की त्यांना बरं वाटायचं?” त्यानं विचारलं. “मला का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं, चहानं…” प्रमोदिनी म्हणाली.

मित्रांनो, मला तोंड नाही. कुणी पट्टी दाबली तरच मी बोलतो, आणि त्या चार दिवसांत मी फक्त चुकीचे सूर बोललो. तुमच्या खालच्या मजल्यावर, शेजारी, गल्लीच्या टोकाला कुणी म्हातारं माणूस एकटं राहत असेल. त्याच्याकडे आजच जा. डबा दारातून देऊन परतू नका. आत जा, खिडकी उघडा, शेगडीची ज्योत बघा. आणि विचारा, “आजी, आजोबा, बाहेर आलं की तुम्हाला जास्त बरं वाटतं का?”