तिसरा घोडेस्वार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी नायब तहसीलदार बाईंनी पाकिटाची लाख फोडली आणि देव्हाऱ्यातले चांदीचे टाक टेबलावर मांडले. एकूण अकरा. मंदाताईंना समोर उभं केलं आणि सांगितलं की हात लावा, उलटून बघा, घाई नाही. यांतले तुमचे कोणते, ते बाजूला काढा.

फेब्रुवारीत महिपतराव आणि मंदाताई दोन दिवस झाशीला लग्नाला गेले होते, तेव्हा किला गेटजवळच्या त्यांच्या घराची कडी तुटली. टीव्ही जागेवर होता, गॅसची टाकी होती. देव्हाऱ्यातला पितळी डबा तेवढा गेला. घर बंद करताना देव्हाऱ्यातून काढून ठेवलेले पाच टाक त्यात होते, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले. एक भवानीचा, बाकीचे घरातल्या गेलेल्या माणसांचे. घरात माणूस गेला की वर्षश्राद्धाला त्याचा टाक करून देवांत बसवायचा, ही दख्खनेतून फौजेबरोबर उत्तरेत आलेली चाल या घराने सोडली नव्हती. पाचवा टाक सौरवचा होता, घोडेस्वाराचा. मंदाताईंचा मुलगा. अठ्ठाविसाव्या वर्षी डेंग्यूने गेला, कंपू भागातल्या दवाखान्यात, चौथ्या दिवशी. त्याला तीन वर्षं झाली होती.

चोर एप्रिलमध्ये सापडला. त्याने लष्कर भागातल्या एका सराफाचं नाव सांगितलं आणि पोलिसांनी तिथून सात टाक जप्त केले. चार झिजलेले, तीन नवे. नव्या तिन्हींवर घोडेस्वार होता.

रमाकांत वकिलांनी आदल्या दिवशी घरी येऊन सगळं नीट समजावलं होतं. चोर ज्या वस्तूचा मालकच नाही, तिची मालकी तो दुसऱ्याला देणार कशी? सराफाने भले पैसे मोजून घेतलं असेल, आधार कार्डाची कॉपी ठेवली असेल, तरी त्याच्याकडे आला तो नुसता ताबा. मालकी तुमचीच.

"फक्त तुमचं म्हणजे नेमकं कोणतं, ते तुम्ही दाखवायचं, मंदाताई," ते म्हणाले होते. "बिल आहे का सोनाराचं?"

बिल नव्हतं. चांदी घरचीच दिली होती, सौरवच्या लहानपणच्या वाळ्यांची. फोटो होता तो देव्हाऱ्याचा, गणपतीतला, आणि त्यात टाकांवर फुलं होती. पाठीवर नाव? सोनाराने विचारलं होतं, तेव्हा मंदाताईच नको म्हणाल्या होत्या. त्या घरात टाकावर नाव घालत नसत. घरचं माणूस नावावरून ओळखायचं का?

आता त्या टेबलाशी उभ्या होत्या. नायब तहसीलदार बाईंनी कायद्याप्रमाणे दुसऱ्या दुकानातून चार जुने टाक आणून त्यांत मिसळले होते. घोडेस्वार मुळातच तीन सारखे होते, त्यांत काही मिसळायची गरज पडली नव्हती.

मंदाताईंनी चष्मा काढून ठेवला. भिंतीशी उभ्या असलेल्या महिपतरावांना वाटलं, ही घाबरली. पण त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा फिरवायला सुरुवात केली. पस्तीस वर्षं दर सोमवारी त्यांनी हे टाक चिंचेने घासले होते. आजेसासऱ्यांचं नाक सपाट झालं होतं आणि पागोट्याचा एकच पीळ लागत होता. सासू-सासऱ्यांच्या जोडटाकात सासूबाईंच्या बाजूची कड दुमडलेली होती. चुलतसासरे मिलिटरीत असताना वारले, त्यांच्या टाकाला मागून टाचणीएवढा खळगा. आणि भवानी. दोन मिनिटांत चार टाक बाजूला आले, एकही चुकला नाही. जप्त माल सांभाळणाऱ्या मालखान्याच्या मुंशीने मान डोलावली. नायब तहसीलदार बाईंनी कागदावर लिहिलं आणि पाचव्याची वाट पाहत पेन उघडं ठेवलं.

मंदाताईंनी चष्मा घातला. पहिला घोडेस्वार उचलला, ठेवला. दुसरा. तिसरा. पुन्हा पहिला. तीच तलवार, तोच घोड्याचा उचललेला पाय. लष्कर भागातले दोन-तीन सोनार एकच ठसा वापरतात, हे त्या दिवशी कळलं. त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला. अंगठ्याला काहीच लागलं नाही.

लागणार कसं? बाकीचे देव घासताना सौरवला त्या बाजूला ठेवत. घासला तर याचंही नाक जाईल, चेहरा जाईल, म्हणून त्याला नुसतं पाण्यातून काढायचं आणि कापसाने टिपायचं. दोन वर्षांत त्यांनी त्याच्यावर एक चरासुद्धा उठू दिला नव्हता.

"अगं, दाखव ना एक," महिपतराव हळूच म्हणाले. "कोणताही."

मुंशीलाही घाई झाली होती. माताजी, अंदाज से बता दो, असं त्याने सांगूनही झालं होतं. नायब तहसीलदार बाईंनी त्याला गप्प केलं, पण त्यांनीही खिडकीकडे बघायला सुरुवात केली.

मंदाताई म्हणाल्या, "नाही सांगता येत."

बाईंनी विचारलं, हेच लिहू का? त्या म्हणाल्या, लिहा.

बाहेर पायरीवर सराफ बसला होता. अंशुल नाव. सौरवच्याच वयाचा, कपाळावर टिळा, हातात फाइल. तिन्ही घोडेस्वार दुकानातला नवा माल आहेत, असा अर्ज त्याने दिला होता. चोराकडून किती टाक घेतले ते त्याला आठवत नव्हतं. घेतल्यातले काही त्याच आठवड्यात गाळायला पाठवले होते, एवढं तो कबूल करत होता. मंदाताईंना पाहून तो उठला.

"आंटी, तीन में से कोई भी एक उठा लो. मैं लिख के दे दूँगा, आपका है. चाँदी तो चाँदी है."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. महिपतरावांनी आशेने बायकोकडे पाहिलं. रमाकांत वकीलही थांबले. सराफाने हरकत काढून घेतली की कोर्टाला फारसं काही उरत नाही, हे त्यांना माहीत होतं.

मंदाताईंनी अंशुलच्या दंडावर हात ठेवला.

"कोई भी नहीं चाहिए, बेटा. मला माझा पाहिजे."

टेम्पो महाराज बाड्याच्या चौकात आला. महिपतराव म्हणाले, "गाळला असेल, तर?"

"म्हणून तर," मंदाताई म्हणाल्या. "दुसऱ्याला रोज सौरव म्हणून पाणी घालू?"

ओळखलेले चार टाक आठ दिवसांनी सुपुर्दनाम्यावर मिळाले. खटला संपेपर्यंत विकायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत, रूप बदलायचं नाही, कोर्ट मागेल तेव्हा आहेत तसे हजर करायचे, असं त्या कागदावर लिहिलं होतं. महिपतरावांनी सही केली. मंदाताईंनी वकिलांना विचारलं की घासलं तर रूप बदलतं का. रमाकांतांनी कागद पुन्हा पाहिला. वजन ग्रॅमच्या पुढच्या आकड्यापर्यंत नोंदलेलं होतं. ते म्हणाले, सध्या नको. तेव्हापासून सोमवारी चिंच भिजत नाही. भवानी काळवंडत चालली आहे.

देव्हाऱ्यातलं लाल कापड जुनं आहे. पाचवा टाक होता तिथे गोल रंग अजून ताजा दिसतो. तिथे त्या काही ठेवत नाहीत, फूलही नाही.

वकिलांमार्फत त्यांनी एकच अर्ज दिला. निकाल लागेपर्यंत तिन्ही घोडेस्वार सराफाला देऊ नयेत आणि वेगळे करू नयेत. अंशुलचा अर्जही त्याच फाइलीत आहे. कोर्टाने पोलिसांचा अहवाल मागवला. पहिल्या तारखेला तो आला नाही, दुसऱ्या तारखेला मॅजिस्ट्रेट रजेवर होते. पुढची तारीख एकोणीस ऑगस्ट. तिन्ही टाक मालखान्यात आहेत, एकाच पाकिटात.