पुलाचा मालक

चिंचकोट्याच्या दगडी पुलावरून वाजतगाजत जायचं असेल, तर पहिलं पाऊल तो बांधणाऱ्याच्या घरचं, अशी गावची रीत. आता बांधला कुणी? वीरप्पा म्हणे आमच्या पणज्यानं, नारायणराव कुलकर्णी म्हणत आमच्या पूर्वजांनी. मधल्या कमानीवरच्या झिजलेल्या दगडात वीरप्पाला नंदी दिसे, नारायणरावांना गणपती. दरसाल पालखीपुढं दोघं म्हातारे एकदमच उडी मारत आणि मग धोतरं सावरत भांडत.

एकेचाळीस साली मात्र विपरीत झालं. निजामाच्या पोलिसांचा अमीन पुलावरून जात असता घोड्याचा पाय खळग्यात गेला आणि साहेब टोपीसकट ओढ्यात पडले. चिखलातून उठले ते ओरडतच, "पूल किसका है? मालिक कू पकडो!"

वीरप्पानं घाईनं हात जोडले. "साहेब, तो गणपतीच हाय. आमचा काय संबंध?"

"छे! साक्षात नंदी," नारायणराव म्हणाले. "डोळे फुटलेत का तुमचे?"

कुणा चोंबड्यानं अमीनाला रीत सांगितली. झालं! पुलाशी जवान बसला. वाजंत्री लावून जो आधी पाऊल टाकील तोच मालक.

आणि त्याच आठवड्यात वीरप्पाच्या लेकीचं, चन्नम्माचं लग्न. मुरुम गावचं वऱ्हाड पलीकडं येऊन थांबलं. वाजंत्री घेऊन पूल ओलांडायचा आणि नवरदेवाला मानानं आणायचं, हे वधूपित्याचं काम. वीरप्पा पुलाच्या तोंडाशी अडला.

"नारायणराव, मान तुमचा. आधी तुमी."

"अहो, मुलीचे बाप तुम्ही. आधी तुम्ही."

वीरप्पानं पलीकडं हाळी दिली, "वाजंत्री बंद करून येऊ का?"

"आमी काय मयताला आलोय व्हय?" व्याही महांतप्पा कडाडले.

"मग तुमीच या, खालून ओढ्यातनं."

"नवरदेव काय म्हस हाय? मुहूर्त टळला तर आमी चाललो माघारी!"

अंगाला हळद लागलेली पोर, वऱ्हाड फिरलं तर तिला कोण करून घेणार? वीरप्पानं डोळे मिटून पाऊल टाकलं. "पूल माझ्या पणज्याचा! घाला बेडी!" तीस वर्षं हेच तो मिशीला पीळ देऊन सांगत आला होता. आज दोन्ही हात पुढं करून सांगितलं.

जवानानं त्याचं मनगट धरलं. नारायणराव सुटले होते. गप्प बसायचं की नाही? पण स्वभावाला औषध नाही.

"साफ खोटं!" ते पुलावर धावले. "पूल आमचा!"

जवानानं दोन्ही मालक एकाच दोरीला बांधून चावडीत कोंडले. नवरदेव वाजतगाजत गावात गेला.

भिंतीपलीकडून मंगलाष्टकं ऐकू येऊ लागली तसं वीरप्पाला हुंदका फुटला. "पोरीवर अक्षता टाकाया बाप न्हाय ओ."

नारायणरावांनी कोटाचा खिसा चाचपला. लग्नाला म्हणून घेतलेल्या अक्षता निघाल्या. निम्म्या त्यांनी वीरप्पाच्या तळहातावर ओतल्या.

"माझ्याही अंगाखांद्यावर खेळलीय ती," ते म्हणाले.

सावधान ऐकू आलं. दोरी आखूड होती, एकानं हात उचलला की दुसऱ्याचा ओढला जाई. म्हणून दोघांनी हात बरोबरच उचलले आणि मंडपाकडच्या भिंतीवर अक्षता टाकल्या.