दोरा बांधलेला बॅज

थोरलीने नवऱ्याच्या शर्टावरचा बॅज काढला, खिडकीच्या कठड्यावर उताणा ठेवला आणि मगच नळ सोडला. पूर्वी कठड्यावर असे दोन बॅज असायचे, एक नवऱ्याचा आणि एक दिराचा. आता एकच होता. दिराला कंपनीने घरी बसवलं होतं.

"तिथे नको गं ठेवूस, ऊन लागतं त्याला," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"उन्हाने काही होत नाही, आई."

"कशाने काय होतं ते आपल्याला काय कळतंय? डोळ्यांना काही दिसतं का?"

दिसत नव्हतं हे खरंच. दोघे भाऊ एकाच कंपनीत, कामही एकच: मोठ्या पाइपांचे सांधे पक्के आहेत का, त्याचे फोटो काढायचे. शिशाच्या पेटीत करंगळीच्या नखाएवढी धातूची गोळी असते. ती नळीतून बाहेर सोडायची, आपण लांब जाऊन उभं राहायचं, फिल्मवर सांधा उमटला की गोळी परत पेटीत ओढून घ्यायची. गोळीतून जे निघतं त्याला रंग नाही, वास नाही, आवाज नाही. ते अंगावर किती पडलं एवढं फक्त तो बॅज मोजायचा. सासूबाई त्याला ताईत म्हणायच्या, आणि त्यावर थोरल्या मुलाचं उत्तर ठरलेलं असायचं, "ताईत निदान वाचवतो तरी, आई. हा नुसता चुगली करतो."

या खेपेला त्याने चुगली केली होती. महिन्याचे बॅज तपासून आले, तेव्हा धाकट्याच्या बॅजवर वर्षभरात चालतं त्याच्या कितीतरी पट निघालं. थोरल्याच्या बॅजवर जवळजवळ काहीच नव्हतं. धाकटा शपथेवर सांगत होता की असं काही घडलेलं त्याला आठवत नाही. एखादे वेळी बॅजच गोळीजवळ पडून राहिला असेल, असंही कंपनी म्हणाली. खरं काय ते कळावं म्हणून इस्पितळात त्याचं रक्त घेतलं.

त्या दिवशी धाकट्या जावेला सोबत म्हणून थोरली इस्पितळात गेली होती. धाकटीला नुकतेच दिवस गेले होते आणि तिला चक्कर येत होती. प्रयोगशाळेतल्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर रेघा ओढून दाखवल्या.

"प्रत्येक पेशीत असे धागे असतात. डोळे कसे, हाडं कशी, पेशीने कधी वाढायचं, कधी थांबायचं, सगळं त्यांच्यावर लिहिलेलं. हे किरण ते धागे तोडतात. विडीचा धूर तोडतो, काही रसायनंसुद्धा तोडतात. रोज थोडेफार तुटतातच, पेशी ते जोडून घेते. पण एकदम बरेच तुटले की घाईत गफलत होते. याचं टोक त्याला, त्याचं याला. प्रत्येक धाग्याला एकच कंबर असते. असा चुकीचा जोडला की एकाच धाग्याला दोन कंबरा होतात. मी रक्तात तेवढेच शोधते. बॅज कुठे विसरता येतो, रक्त विसरता येत नाही."

"आणि बाळाला?" धाकटीने विचारलं.

"बाळाला बहुतेक काही होत नाही."

तेव्हापासून हा 'बहुतेक' घरात राहायला आला होता. धाकटी जेवायला बसली की तो ताटाशी बसायचा. थोरलीच्या कानांत मात्र बाईंचं दुसरंच वाक्य घुमत होतं: घाईत गफलत होते.

बॅज खरं तर कामावरच ठेवायचे. पण साइट आडबाजूला. परत ऑफिसात कोण जाणार, म्हणून दोघे ते लावूनच घरी यायचे. कामाचे जाड शर्ट आठवड्याला एकदा धुतले जात. धुण्याआधी थोरली बॅज काढायची आणि इस्त्री झाली की लावायची. बॅज दिसायला सारखेच, नावं मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत. पण नवऱ्याच्या बॅजची क्लिप मोडली होती, ती तिने लाल दोऱ्याने बांधून दिली होती, त्यामुळे चुकायचं कारण नव्हतं. आणि तरी ती चुकली. त्या महिन्यात सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या, घरात एकच धावपळ झाली, आणि पुढच्या धुण्याला पाहते तर लाल दोरा दिराच्या शर्टावर. आठवडाभर दोघे एकमेकांचा बॅज लावून हिंडले होते. तिने गुपचूप जिकडचा बॅज तिकडे केला. कोणाला सांगितलं नाही. तेव्हा सांगण्यासारखं त्यात काही वाटलंही नव्हतं.

आता वाटत होतं. कारण त्याच आठवड्यात नवरा एकदा हसत हसत सांगत होता की गोळी पेटीत परत गेली की नाही हे दाखवणाऱ्या मीटरची बॅटरी मेली, दिवसभर सगळं काम अंदाजपंचे उरकलं. ती तेव्हा हसली होती.

हिशोब सरळ होता. दिराच्या रक्तात तसले धागे निघाले तर जे काही पडलं ते दिराच्या अंगावर. नाही निघाले, तर तो बॅज त्या वेळी ज्याच्या छातीवर होता त्याच्या अंगावर.

सकाळी ती नवऱ्याच्या कंगव्यातले केस निरखायची. तो दाढी करताना त्याच्या मानेकडे बघत राहायची.

"काय बघतेस? नवा दिसतोय का मी?" तो आरशातूनच विचारायचा.

"साबण राहिलाय," ती म्हणायची.

शर्ट पिळून ती उठते तोच धाकटी येऊन मोरीच्या कट्ट्यावर बसली. तिचे ओठ कोरडे पडले होते.

"ताई, मी ठरवलंय. शुक्रवारची डॉक्टरांची वेळ घेतलीय. तोवर रिपोर्ट आला नाही, नाहीतर वाईट आला, तर मी हे मूल ठेवणार नाही."

"बहुतेक काही होत नाही म्हणाल्या ना त्या?"

"तुम्ही असता तर बहुतेकवर थांबला असता?"

थोरलीने तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. बॅजची अदलाबदल झाली होती, एवढंच. धाकटीचा घोर तिथल्या तिथे अर्धा झाला असता. पण उरलेला अर्धा हवेत थोडाच विरणार होता? तो उठून शेजारच्या खोलीत, तिच्या नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसला असता.

"चहा टाकू?" तिने विचारलं.

धाकटीने मान हलवली. चहा उकळेपर्यंत थोरली ओट्याला टेकून उभी राहिली. रिपोर्ट चांगला येऊ दे, असं म्हणायला ती गेली आणि ते तिच्या मनातच अडलं. चांगला कोणासाठी? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. त्या क्षणी तिच्या मनात येऊन गेलं की दिराच्या रक्तात काहीतरी निघू दे. ज्या दिराला तिने या घरात आल्यापासून वाढलं, ज्याच्या लग्नात ती सगळ्यांच्या आधी रडली, त्याच्या. तिला स्वतःचीच भीती वाटली. चहा उतू गेला तेव्हा ती भानावर आली.

गुरुवारी दुपारी फोन आला. दिराने तो उभ्यानेच घेतला आणि ऐकता ऐकता भिंतीला टेकत खाली बसला.

"एकही नाही," तो म्हणाला. "बाई म्हणाल्या, हजारभर पेशी बघितल्या. सगळं स्वच्छ आहे."

धाकटी पदरात तोंड घालून रडली. सासूबाईंच्या जिवात जीव आला आणि त्या कंपनीला, डॉक्टरांना, बॅजला नावं ठेवायला लागल्या. दीर म्हणाला, "बॅजच खोटा निघाला, वहिनी. पडला असेल कुठेतरी." थोरलीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला खरंच आनंद झाला होता, आणि तरी दिराच्या डोळ्यांकडे तिला बघवत नव्हतं.

दिराने लगेच भावाला फोन लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा.

"दादा, सुटलो. रक्त एकदम चांगलं आहे."

पलीकडे मशीनचा आवाज येत होता. मग थोरला म्हणाला, "म्हटलं नव्हतं? उगाच सगळ्यांना रडवलंस. येताना आईस्क्रीम आणतो."

तो उशिराच आला. दुकानात गर्दी होती म्हणाला. आल्या आल्या अंघोळ उरकून त्याने अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घातला आणि सगळ्यांना स्वतःच्या हाताने आईस्क्रीम वाढलं. धाकटीला दुप्पट घातलं. "बाळाचाही वाटा," म्हणाला. कितीतरी दिवसांनी घरात मोठ्याने हसण्याचा आवाज झाला, आणि सगळ्यांत मोठा त्याचाच होता.

थोरली मोरीत गेली. कठड्यावर लाल दोऱ्याचा बॅज उताणा ठेवलेला होता. शर्ट बादलीत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने कधी स्वतःचा रुमाल भिजत घातला नव्हता. तिने पाण्यात हात घातला. पाणी गरम होतं.

तिने शर्ट वर काढला. डाव्या बाहीवर, कोपराच्या आतल्या बाजूला, मसुराच्या दाण्याएवढा तपकिरी डाग होता. असाच, इथेच एक डाग तिने याआधी धुतला होता. दीर रक्त देऊन आला त्या दिवशी, दिराच्या शर्टावरचा.

गरम पाण्यात रक्त पक्कं बसतं, हे त्याला कोण सांगणार? तिने बादली ओतून टाकली आणि गार पाण्याचा नळ सोडला. मागे पावलं वाजली. ती वळली नाही.

"राहू दे ना. उद्या धू," नवरा दारातून म्हणाला.

"किती दिवस लागतील म्हणाल्या त्या बाई?"

त्याने सदऱ्याची डावी बाही मनगटापर्यंत खाली ओढली.

"त्याला लागले तेवढेच."

ती डाग चोळत राहिली.

"त्या आठवड्यात माझ्या बॅजला दोरा नव्हता," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

बाहेरून धाकटी हाक मारत होती. "ताई, या ना. तुमचं वितळतंय."

"आले," थोरलीने आवाज दिला. तो तिच्याशेजारी खाली बसला. तिने बाही उलटी केली, डागाची जागा नळाखाली धरली, आणि शर्टाचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.