हुबेहूब लेकींची आई

मित्रांनो, डबक्यावर हिरवी साय धरते ना, तिच्यातली मी एक म्हातारी टिकली आहे. खोड नाही, फांदी नाही; तिळाएवढं पान आणि खाली लोंबणारं एक मूळ, एवढाच माझा संसार. पण थाट मोठा होता. मी प्रयोगशाळेतल्या काचेच्या वाडग्यात राहायचे आणि तिथल्या मॅडम मला 'राणी' म्हणायच्या.

आमच्यात लग्नबिग्न नसतं. आईच्या कुशीतून लेक फुटते, लगेच तिलाही लेक. सगळ्या हुबेहूब, खोडीसकट. मॅडमना याचाच कंटाळा आला होता. त्यांना हवं होतं फूल. फूल आलं की बी धरणार, आणि बीतून एखादं वेगळं, धट्टंकट्टं पोर निघणार. पण आमच्याकडे फूल क्वचित येतं, आलं तरी भिंगाशिवाय दिसत नाही.

"राणी, एक फूल दे गं. जन्मभर सांभाळीन तुला," मॅडम म्हणायच्या. मी तो शब्द खरा धरला.

एकदा त्यांना माझ्यावर पांढरा ठिपका दिसला. त्यांनी अख्खा मजला गोळा केला. मोठ्या साहेबांनी भिंगाला डोळा लावला आणि म्हणाले, "मॅडम, हा बिस्किटाचा चुरा आहे."

बिस्किट मॅडमनीच खाल्लं होतं. बोलणी मात्र मला. "नाक कापलंस माझं," म्हणाल्या. मला नाक नाही, तरी लागलं.

मग मी हट्टाला पेटले. लेकीच्या जागी कुशीत कळी धरली. सगळी ताकद तिच्यात ओतली, त्यात पिवळी पडले.

"मॅडम, राणी थकली," वाडगे धुणारे काका म्हणाले. "लेकीपण होईनात तिला."

"मग एक टवटवीत लेक काढा. बाकी सगळं बादलीत."

"राणीपण?"

"अहो, सगळ्या एकाच साच्यातल्या. ही गेली तरी राणी आहेच की."

बादलीत पडल्यावर माझं फूल उमललं. खरंखुरं. आणि वर टेबलापाशी मॅडम माझ्या लेकीवर भिंग धरून तिलाही तेच वचन देत होत्या. पोरगी भोळी, आईवर गेलेली. विश्वास ठेवून बसली.

मित्रांनो, जुनं टाकायचं तर टाका, पण आधी जरा वाकून बघा. काका बादलीत ओतायला जंतुनाशकाची बाटली शोधतायत. ती सापडायच्या आत कुणीतरी भिंग घेऊन इकडे या.