काळ्या कोटावरचे रफू

"सांगून टाका ना एकदा त्यांना," लाँड्रीवाला दाराशी म्हणाला.

"हळू बोला. अजून नको," छकू म्हणाली. छकू म्हणजे माझी धाकटी बहीण. केस पिकायला लागले असतील आता तिचे, पण घरात ती अजून छकूच.

मी आतल्या खोलीत खुर्ची विणत होतो. हातातला वेत तसाच धरला आणि कान टवकारले. शाळेत असतानाच माझे डोळे गेले. त्यामुळे माझ्या डोळ्यांत धूळ फेकणे कुणालाही सोपे आहे. कानांत फेकून दाखवावी.

"तुम्ही नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल. किती दिवस लपवणार?"

"माझं मी बघते. तुम्ही मध्ये पडू नका."

दार लागले. छकू आत आली, माझ्या खुर्चीला धडकली आणि वर मलाच म्हणाली, "काय रे दादा, वाटेत पसारा?"

"कोण होतं?"

"कोण असणार? रफूचे कपडे आले."

छकू रफूचे काम करते. लाँड्रीत आलेले फाटके, जळके कपडे घरी आणून ते असे सांधते, की ज्याचा कपडा त्यालाही भोक कुठे होते ते सापडू नये. पण आजवर कपडे आणायला तीच जायची. आता हा गृहस्थ स्वतः जिने चढून येऊ लागला होता. लाँड्रीवाल्याच्या अंगात एवढा उत्साह फुकटचा येत नाही. कुठेतरी पाणी मुरत होते.

आणखीही होते. जन्मभर मी हिच्या नावाने ओरडलो, की बाई गं, वस्तू जागच्या जागी ठेव. हिची कात्री कधी खिडकीत, कधी नेमकी मी बसतो तिथे. आणि आता अचानक साबण साबणाच्या जागी, चपला भिंतीला टेकलेल्या, डबे एका ओळीत. मी म्हटले, झाले, माझी सोय लावून चालली ही. जिन्यावर तिची पावले अडखळत होती. मन थाऱ्यावर नसले की अडखळतातच. संध्याकाळी आम्ही दोघे फिरायला जायचो, तेही तिने बंद केले. "कंटाळा येतो रे," म्हणाली. माझा कंटाळा येतो, असे सरळ का म्हणत नाहीस?

लग्न करणार होती ती. खुशाल करावे. मी कुणावर अवलंबून नाही, माझे पोट मी भरतो, दाढीसुद्धा आपल्या हाताने करतो, हे साऱ्या बिल्डिंगला ऐकवून झाले आहे. तरी खरे सांगतो, ती जायला मला नको होती. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असे म्हणतात. मलाही देवाने दोन दिले होते, फक्त ते छकूच्या चेहऱ्यावर बसवले होते. ती मला रस्ता सांगायची तसे आभाळही सांगायची, आणि समोरच्या बाईच्या पडद्यांचा भडक रंगही. असे सांगणारे दुसरे कोण मिळणार होते मला?

दुसऱ्या दिवशी मी काठी उचलली आणि एकटाच लाँड्रीत गेलो. तिने येऊन सांगायच्या आत आपणच मोठेपणाने परवानगी देऊन टाकावी, म्हणजे नाक तरी वर राहील.

"या भाऊ," लाँड्रीवाला म्हणाला. त्याचा आवाज चोरी पकडली गेल्यासारखा होता.

"मला सगळं कळलंय," मी म्हणालो.

"कळलं?" त्याने मोठा सुस्कारा सोडला. "सुटलो बाबा! माझी तर झोप उडाली होती."

"झोप कशाला उडवायची? माझी ना नाही. तिला सुखात ठेवा, एवढंच."

"कुणाला?"

"छकूला. लग्न करताय ना?"

त्याने इस्त्री खाडकन खाली ठेवली.

"अहो भाऊ, हळू बोला," तो म्हणाला. "बायको आत कॉलरी घासतेय."

आत घासण्याचा आवाज थांबला होता. माझे कान गरम झाले.

"मग दाराशी कुजबुज कसली चालते तुमची?"

त्याने एक कोट आणून माझ्या हातात ठेवला आणि माझे बोट धरून बाहीवर टेकवले. मी चाचपले. कापडाच्या विणीत वीण मिसळली होती. एक टाका वर नाही, एक खाली नाही. हे काम छकूचेच.

"झकास आहे की. तुम्ही बोट ठेवलं नसतंत तर मला सापडलंही नसतं."

"बोटाला झकासच आहे, भाऊ. पण कोट काळा आहे. धागा हिरवा घातलाय."

मी हसलो. छकू आणि रंगाला चुकणार! मग हसू तसेच ओठांवर राहिले.

"असे बरेच कपडे झाले," तो म्हणाला. "मी गपचूप उसवून दुसरीकडून करून घेतो. डॉक्टरला दाखवा म्हटलं, तर म्हणाल्या, दाखवलंय. जे दादाचं तेच माझं, फक्त उशिरा आलं. दिवसा थोडंफार दिसतं, ऊन कलंडलं की संपलं. आणि दादाला सांगितलंत तर गाठ माझ्याशी आहे, म्हणाल्या."

माझ्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, हे रक्तातले असते, धाकटीकडे लक्ष ठेवा. आई ठेवायची लक्ष. मग वर्षे गेली आणि पोर सुटली म्हणून सगळेच विसरलो. साबण, चपला, डबे. माझी सोय लावत नव्हती ती. स्वतःची लावत होती, आणि तीही माझ्यासमोर, कारण मला दिसणार नव्हते. मला तिचा भयंकर राग आला. आणि भरूनही आले. एवढे मानी माणूस आमच्या घरात माझ्याशिवाय आणखी कुणी असेल, असे मला वाटले नव्हते.

घरी पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. छकू शिवणाच्या टेबलाशी बसली होती.

"कुठे गेला होतास रे?"

"लाँड्रीत. कोट चाचपून आलो. रफू झकास आहे."

ती हललीसुद्धा नाही. खाली कुणीतरी सायकल लावली, कुलूप घातले, निघून गेले.

"दादा," ती म्हणाली, "दिवा लागलाय का रे?"

हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी टेबलावरच्या दिव्याजवळ हात नेला. चांगली ऊब होती.

"नाही," मी म्हणालो. "वीज गेलीय."

"थापा मारू नकोस. पंखा फिरतोय."

मी दिव्याजवळून हात काढून घेतला.

"बंद कर मग दिवा," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता. "उगीच कशाला जळतोय."

मी बटण चाचपले. बोट त्याच्यावर ठेवले आणि तसेच ठेवून उभा राहिलो.

"राहू दे गं," मी म्हणालो. "राहू दे लागलेला."